लाल दोऱ्याची शिडी

मित्रांनो, जुनी म्हणाल तर मी सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, आणि जड म्हणाल तर मला एका हाताने उचलताना चांगल्या धडधाकट माणसाचे मनगट वाकते. मी इस्त्री आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मधली साठ वर्षे मला कोणी इस्त्री म्हटलेच नाही. गिलगाल चर्चच्या बाजूच्या दाराशी मी पडून असे आणि लोक मला 'हिरवा धोंडा' म्हणत. "तो धोंडा सरकव गं जरा," असे म्हणून बुटाच्या टोकाने मला ढकलत आणि आत जात. मला त्याचे फार वाईट वाटत नसे. दाराशी का होईना, जागा देवाच्या घरी होती, आणि पाळकांचा आवाज तिथपर्यंत सुरेख पोचत असे.

वाळूच्या साच्यात लोखंडाचा रस ओतून मला घडवले. कोळशाच्या इस्त्रीसारखी माझ्या पोटात निखाऱ्यांची जागा नाही. मी सबंध भरीव, नावेच्या आकाराची, वर कमानीसारखी मूठ. मला चुलीतल्या निखाऱ्यांपुढे टेकवून तापवायचे. अंगाबरोबर मूठही तापे, म्हणून चिंध्यांची एक जाड गादी करून तिनेच मूठ धरावी लागे. ही गादी लक्षात असू द्या. माझ्या आयुष्यात तिचा मान माझ्याहून मोठा आहे.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात हॅलोवे नावाचे गाव आहे. गावाच्या उतारावर, झऱ्याच्या काठी आम्हा काळ्या माणसांची वस्ती. 'आम्हा' म्हणते, कारण माझा रंगही तोच होता. तिथल्या डायसी ओगलट्रीने एका फेरीवाल्याकडून आम्हा तिघी बहिणींना घेतले. गुलामी संपली त्याच्या पुढच्याच वर्षी ती जन्मली होती. अक्षरओळख नव्हती. धुणे हा तिचा धंदा.

सोमवारी ती वरच्या आळीतल्या गोऱ्यांच्या घरून गाठोडी डोक्यावर घेऊन येई. मग दोन दिवस कढईत उकळणे, दांडक्याने बडवणे, नीळ, खळ. गुरुवार-शुक्रवार मात्र आमचे. एक बहीण कापडावर फिरे, दोघी निखाऱ्यांपाशी तापत बसत. ओले बोट लावून ती ताप पाही. चर्र झाले की मेणाच्या तुकड्यावरून मला एकदा फिरवून थेट कापडावर. आणि मग ती गाऊ लागे. संथ भजन लागले की चादरी, ठेक्याचे लागले की कॉलर आणि बाह्या. शेजारीण कॅली म्हणायची, "डायसी, आज डॉक्टरांचे शर्ट आहेत वाटतं. गाणं पळतंय तुझं."

सात-आठ घरांचे कपडे एका कढईत. कोणाचे काय हे ओळखावे कसे? वाचता येत नसले तरी डायसीला सुई येत होती. ती प्रत्येक घराच्या कपड्यांना, आतल्या दुमडीत, लाल दोऱ्याची खूण घाली. डॉक्टरांना दोन टाके. जजसाहेबांना फुली. खानावळीला एक छोटा चौकोन. पन्नास वर्षांत तिच्या हातून एक रुमालसुद्धा चुकीच्या घरी गेला नाही. मी साक्षीला आहे.

त्या झऱ्याकाठी सगळ्याच धुणाऱ्या बायका जमत. काम करता करता एक भजन उचले, दुसरी ते पुढे नेई. मग कोणी प्रार्थना सांगे. असे होता होता बुधवारची ती बैठकच झाली. एक फिरता उपदेशक तिथे थांबला आणि म्हणाला, "बायांनो, चर्च तर तुमचं झालेलंच आहे. फक्त भिंती राहिल्यात." पुढच्या रविवारी पहिले प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत मेजाभोवती भाकर मोडण्याचा विधी, डायसीच्या अंगणात करायचे ठरले. दोन टब उपडे घालून त्यांवर फळी ठेवायची. वर घालायला कापड हवे. डायसीने पिठाची पोती उसवली, उकळली, तीन दिवस उन्हात टाकून पांढरी केली. गिरणीच्या छापातली निळी अक्षरे काही पूर्ण गेली नाहीत.

शनिवारी ती त्या कापडाच्या कोपऱ्यात खूण घालायला बसली. कॅली म्हणाली, "याला कशाला खूण? हे काय गिऱ्हाईक आहे?"

"मग? दर आठवड्याला हेही त्याच कढईत जाणार. उद्या जजच्या घरी जेवणाच्या टेबलावर गेलं म्हणजे?" डायसी हसली. "आणि गिऱ्हाईक म्हणशील तर भलं आहे बघ. फार मळवत नाही, आणि नीळ कमी पडली म्हणून ओरडत नाही."

तिने दोन उभे टाके घातले आणि मध्ये आडवे. शिडी झाली. चार पायऱ्या सरळ घालून झाल्या. पाचवीच्या वेळी मी चुलीपुढे जरा जास्त तापले होते आणि माझा वास तिच्या नाकात गेला. ती घाईने उठली, उठता उठता टाका ओढला, आणि पाचवी पायरी तिरकी झाली. मित्रांनो, ती पायरी माझ्यामुळे तिरकी झाली, हे जगात मला एकटीलाच ठाऊक आहे. पुढे जे झाले त्यासाठी हे तुम्हाला ठाऊक असलेले बरे.

दोन-तीन महिन्यांनी बारा पुरुषांनी जमिनीच्या कागदावर सह्या केल्या आणि लाकडी चर्च उभे राहिले. पहिल्या चिटणिसाने वहीत पहिल्या दिवसाची हकीकत लिहिली. त्यात त्या बारा जणांची नावे होती, आणि एक ओळ होती: 'मेजावर पिठाच्या पोत्याचे, कोपऱ्यात शिडी असलेले कापड होते, ते एका बहिणीने दिले.' चर्चमध्ये प्रत्येक पुरुष ब्रदर, प्रत्येक बाई सिस्टर, म्हणजे बहीण. एका बहिणीने. बस.

दहा-बारा वर्षांनी ते कापड विरले. चांगल्या कापडाचे नवे आले. ज्या बहिणीने ते शिवले तिने जुने समोर ठेवून शिडी जशीच्या तशी उतरवली, तिरक्या पायरीसकट. विरलेले कापड कोणी जाळा म्हणाले, कोणी पुरा म्हणाले. डायसीने मात्र शिडीचा कोपरा कापून घेतला आणि माझ्या मुठीच्या गादीत सगळ्यात आत घालून शिवला. वरून डॉक्टरांच्या फाटक्या शर्टाचा तुकडा, खानावळीच्या पंच्याचा तुकडा, असे थर. तिची लेक पर्ल लहान होती. तिने विचारले, "आई, देवाचं कापड चिंध्यांत?"

डायसी म्हणाली, "सहा दिवस माझा हात लोकांच्या शर्टांवर असतो गं. निदान धरताना तरी त्याच्या मेजावर असू दे."

असे तीस वर्षे. हात तिचा, आत त्याचे मेज, खाली मी. एवढा मान कोणत्या लोखंडाला मिळाला असेल?

डायसी पासष्टाव्या वर्षी गेली. पर्लने काही वर्षे मला वापरले, मग घरी विजेची इस्त्री आली. माझी एक बहीण लढाईच्या काळात भंगारात गेली, दुसरी विहिरीत पडली. मला पर्लने टाकले नाही. गादी मुठीला बांधून स्वयंपाकघराच्या फडताळावर ठेवले. एकदा तिचा मुलगा रॉस्को ओसरीच्या खुर्च्यांना हिरवा रंग देत होता. उरलेला रंग त्याने मलाही फासला. गादी सोडायचाही आळस केला. गादीवर रंग, गाठीवर रंग. पर्ल ओरडली, "अरे, निदान सोडून तरी घ्यायचं." तो म्हणाला, "आई, गंजणार नाही आता. आभार मान." देव कोणाच्या आळसाचे काय करील, सांगता येत नाही. त्या जाड रंगाखाली कापडाला ना वाळवी लागली ना उंदीर.

तेव्हा चर्चचे बाजूचे दार वाऱ्याने आपटत असे, तेही नेमके प्रवचन रंगात आल्यावर. पर्लने मला तिथे नेऊन ठेवले, आणि मी धोंडा झाले.

पण तिथे मी काय काय ऐकले, मित्रांनो. आमच्याकडचे पाळक सुरुवातीला बोलतात. साधे, घरगुती, जसे अंगणात बसून सांगावे. मग हळूहळू शब्दांना सूर येतो. वाक्य अर्धे बोलण्यात, अर्धे गाण्यात. बाकांवरून म्हाताऱ्या म्हणतात, "सावकाश, पाळक, सावकाश." मग ऑर्गन मागून धरतो, आणि शेवटाला बोलणे उरतच नाही, नुसते गाणे. तुमच्याकडे कीर्तन रंगते ना, अगदी तसे. पाच पाळक मी तिथे ऐकले, आणि पाचांनीही त्या शिडीवर प्रवचन केले. कारण एव्हाना ती शिडी पवित्र झाली होती. मेजाचे नवे कापड आले की चर्चमधल्या वडीलधाऱ्या बायका, ज्यांना आम्ही 'मदर' म्हणतो, उपास करून त्यावर लाल दोऱ्याने शिडी घालीत. स्वर्गाची शिडी. आणि पाचवी पायरी तिरकीच. एक पाळक गात गात सांगत, "पाचव्या पायरीवर, बंधूंनो, पाय घसरतो. गर्वाची पायरी ती." लोक डोळे पुसत. मी दाराशी लाजेने गार पडे.

आता ओझेलाचे सांगते. रॉस्कोच्या मोठ्या भावाची ती मुलगी, म्हणजे डायसी तिची पणजी. पस्तीस वर्षे शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, वय सत्तर. चर्चला सव्वाशे वर्षे पूर्ण होणार होती. ऑगस्टमध्ये 'घरभेटी'चा रविवार असतो. गाव सोडून गेलेले सगळे त्या दिवशी परत येतात. त्या वर्षी दारातल्या नव्या लाकडी फलकावर संस्थापकांची नावे कोरायची आणि ती मोठ्याने वाचायची असे ठरले. ओझेलाला त्यांत डायसीचे नाव हवे होते. तिचे आयुष्य कसे गेले हे तिला धड माहीतही नव्हते. तिच्या कबरीवर साधा दगड नव्हता. नाव कुठेतरी एकदा मोठ्याने उच्चारले जावे, एवढीच तिची इच्छा.

चिटणीस ब्रदर अमोस टार्व्हर. निवृत्त पोस्टमन. पत्ता अर्धवट असेल तर देवाचे पत्रही परत पाठवतील असा माणूस. दोघे दुपारी बाजूच्या पायरीवर बसत, त्यामुळे सगळे माझ्या कानी पडे.

"आमच्या घरात सगळे म्हणतात, चर्च पणजीच्या अंगणात सुरू झालं," ओझेला म्हणाली.

"सिस्टर ओझेला, या चर्चमधल्या चौदा घरांत हेच म्हणतात. सगळ्यांचं खरं मानलं तर अंगणं चौदा होतील, चर्च एकही नाही. कागद आण."

ती कागद शोधायला निघाली. सरकारी कचेरीच्या तळघरात दीड महिना बसली. परत येऊन सांगे. अठराशे नव्वदची शिरगणती जळून गेलेली. एकोणीसशेच्या शिरगणतीत सापडली: डायसी ओगलट्री, वय चौतीस, धुणारी, लिहिता-वाचता येत नाही. ओझेलाने त्याची नक्कल टार्व्हरांपुढे ठेवली. तिचे डोळे भरले होते.

टार्व्हरांनी चष्मा पुसून दोनदा वाचले. "धुणारी होती हे सिद्ध झालं. आपल्याकडची होती हे कुठाय?"

"अहो, जाणार कुठे दुसरीकडे?"

"आमची आजी रागाने दुसऱ्या चर्चला गेली होती, सात वर्षं. लोक जातात."

ओझेलाने डेट्रॉइटला व्हर्लीन आत्याला फोन केला. पर्लची मुलगी, वय चौऱ्याण्णव. डायसीला पाहिलेले जिवंत माणूस तेवढे एकच. आत्याने सांगितले, "धुवायची. दिवसभर धुवायची. त्यात सांगण्यासारखं काय?" आणि फोन ठेवला. ओझेला त्या दिवशी पायरीवर एकटीच बसली होती. मला आठवते, तिने माझ्यावर पाय टेकवले होते आणि म्हणत होती, "देवा, एक शब्द तरी दे." मी पायाखालीच होते. पण लोखंडाला जीभ नाही.

जुलैच्या शेवटी आत्या स्वतःच आल्या. डेट्रॉइटला साठहून अधिक वर्षे काढलेली ती बाई चाकाच्या खुर्चीत बसून, डोक्यावर जांभळी टोपी घालून आली. खुर्ची चढवायला उतार फक्त बाजूच्या दाराशी. ओझेला ढकलत होती, आणि खुर्चीचे चाक माझ्यावर खटकन आदळले.

"थांब," आत्या म्हणाल्या. "मागे घे. हे काय आहे?"

"धोंडा आहे आत्या, दाराचा."

"धोंड्याला मूठ असते होय गं? उचल. अगं दोन हातांनी उचल, मोडशील." मी त्यांच्या मांडीवर आले. त्यांनी नखाने रंग खरवडला. "आमच्या आजीची इस्त्री ही. आणि हा रंग रॉस्कोचा. गाढवानं गादीसकट रंगवलंय."

ओझेला खाली बसली. आत्या मात्र आता थांबेनात. गुरुवारी आजीकडे गेले की मेणाचा वास यायचा. आजी गाताना डावा पाय आपटायची. गादी अमुक रंगाची होती. "आणि या गादीच्या पोटात देवाचं कापड आहे म्हणून आई सांगायची. खरं खोटं देव जाणे."

ओझेलाने मला चर्चच्या स्वयंपाकघरात नेले आणि गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून बुडवले. बाजूच्याच टेबलावर मदर लुला पर्व्हिस ऑगस्टच्या पहिल्या रविवारसाठी मेजाचे कापड इस्त्री करीत होत्या. त्या ब्याऐंशी वर्षांच्या, पांढराशुभ्र पोशाख, चर्चमधल्या सगळ्या मदरांच्या मुख्य. बावन्न वर्षे शिडी त्यांच्याच हातची.

रंग फुगून सुटला. गादी मोकळी झाली. आत्यांनी नखे कापायच्या कात्रीने एकेक टाका उसवला. एक थर निघाला, त्याच्या दुमडीत दोन लाल टाके. "डॉक्टर," आत्या म्हणाल्या. दुसरा निघाला, चौकोन. "खानावळ. प्रत्येक घराची खूण असायची आजीची." शेवटचा तुकडा हाताला जाडाभरडा लागला. पिठाच्या पोत्याचा. फिकट निळी अक्षरे, आणि कोपऱ्यात लाल शिडी. पाच पायऱ्या. पाचवी तिरकी.

मदर पर्व्हिस यांनी विजेची इस्त्री उभी करून ठेवली. "ही पवित्र शिडी चिंध्यांत कशी आली?"

"पवित्र बिवित्र नाही गं लुला," आत्या सहज म्हणाल्या. "धुण्याची खूण ती. चर्चचं कापड जजच्या घरी जाऊ नये म्हणून."

मदर पर्व्हिस हळूच खुर्चीवर टेकल्या. "बावन्न वर्षं मी उपाशी पोटी ही घालतेय," त्या म्हणाल्या. "माझ्या आईनं मला शिकवली. मरताना म्हणाली, लुला, शिडी चुकवू नको."

ओझेलाचा चेहरा उतरला. तिने कापडाचा तुकडा दुमडून आत्यांच्या हातात दिला. "राहू दे आत्या. आपण काही बोललो नाही. मदर, तुम्ही काही पाहिलं नाही. नाव नाही आलं फलकावर तरी पणजी काही कमी होत नाही."

मित्रांनो, या नावासाठी जिने दीड महिना तळघराची धूळ खाल्ली तिने हे म्हटले. मला वाटले, बादलीत परत बुडावे.

मदर पर्व्हिस खुर्ची सरकवून टेबलाशी आल्या. मग त्यांनी हात पुढे केला, तुकडा मागून घेतला आणि आपल्या शुभ्र कापडाच्या कोपऱ्याशेजारी ठेवला. दोन शिड्या. त्यांनी बोटाने पायऱ्या मोजल्या. एकदा इकडे, एकदा तिकडे.

"व्हर्लीन, म्हणजे एवढी वर्षं मी कोणाच्या हातचा टाका घालत होते?"

"आमच्या आजीच्या. डायसीच्या."

"धुणारीच्या."

"हो."

"माझी आईही धुणारीच होती," मदर पर्व्हिस म्हणाल्या. त्यांनी पदराला हात पुसावा तसे एप्रनला हात पुसले. "ओझेला, अमोसला बोलाव. आणि वही घेऊन ये म्हणावं."

टार्व्हर आले. भिंग लावून पाहिले. पिठाचे पोते, निळी अक्षरे, शिडी. वहीतली ती ओळ त्यांना पाठ होती, तरी त्यांनी ती काढून वाचलीच: '... ते एका बहिणीने दिले.' मग भिंग खाली ठेवले.

"मला हे पटलंय," ते म्हणाले. "पण हे वाचायचं म्हणजे शिडीचंही सांगावं लागेल. आजवर पाच पाळकांनी त्या तिरक्या पायरीवर लोकांना रडवलंय. उद्या पोरं हसतील. एका नावासाठी चर्चची एवढी जुनी श्रद्धा मोडायची का, हे मी ठरवू शकत नाही."

"अमोस," मदर पर्व्हिस म्हणाल्या, "श्रद्धा माझी आहे. मोडली तर मी बघते."

"ते पाळक ठरवतील."

पाळक बॉयकिन त्या पाचांनंतरचे, तरुण, अजून चाळिशीही न गाठलेले. त्यांनी सगळे ऐकले, तुकडा उजेडात धरला, मला उचलून वजन पाहिले. "रविवारी बोलतो," एवढेच म्हणाले. तीन दिवस ओझेलाला जेवण गेले नाही.

घरभेटीचा रविवार उजाडला. डेट्रॉइट, शिकागो, अटलांटा, कुठून कुठून माणसे आली. मी आयुष्यात पहिल्यांदा आत, मेजाजवळच्या तिवईवर होते. शेजारी तो तुकडा. लोक माना उंचावून पाहत होते. "धोंडा इथे कशाला?" पाळकांनी तोंड उघडले आणि बाजूचे दार धाडकन आपटले. कोणीतरी म्हणाले, "आता कळलं धोंडा कशाला होता ते." सगळे हसले, पाळकही.

मग ते बोलू लागले. साधेच. त्यांनी शिडीची सगळी गोष्ट सांगितली. धुण्याची कढई, सात-आठ घरांचे कपडे, लाल दोरा. काही लपवले नाही. बाकांवर चुळबूळ झाली. पुढच्या रांगेत मदर पर्व्हिस ताठ बसल्या होत्या, त्यांनीच पहिल्यांदा म्हटले, "सावकाश, पाळक."

"आम्ही म्हणत होतो, शिडी वर चढायची," पाळक म्हणाले, आणि सुराला हलकेच सुरुवात झाली. "पण डायसीने ती चढायला नव्हती घातली. तिने घातली, कापड हरवू नये म्हणून. कापड कोणाचं आहे हे विसरू नये म्हणून."

"सांगा," कोणी म्हणाले.

"सगळे कपडे एका कढईत. जजचे, डॉक्टरचे, देवाचे. एकाच पाण्यात, एकाच विस्तवावर. वरून बघा, सगळं पांढरं. कोणाचं कोणतं, कळणार कसं?" ऑर्गन मागून आला. "दुमडीत बघा. आत बघा. मी पण उकळलो त्या कढईत. मला पण बडवलं त्या दांडक्यानं. पण धुणाऱ्याला ठाऊक होतं, मी कोणाच्या घरी जायचा. माझ्या आत खूण आहे." आता ते गातच होते. "तिरकी असेल, खूण आहे. घाईत घातली असेल, खूण आहे. मी परक्याच्या घरी जाणार नाही. खूण आहे."

पूर्ण चर्च उभे राहिले होते. आत्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत डावा पाय आपटायला सुरुवात केली. मदर पर्व्हिस उभ्या राहून दोन्ही हात वर करून रडत होत्या, आणि त्या रडण्यात दुःखाचा लवलेश नव्हता. मला पाच पाळकांची प्रवचने पाठ आहेत. त्या दिवसासारखे एकही नाही.

सगळे शांत झाल्यावर ब्रदर टार्व्हर वही घेऊन उभे राहिले. पोस्टमनच्या आवाजात, खडखडीत. "संस्थापक. पहिलं नाव. डायसी ओगलट्री." थोडे थांबले. "धुणारी." मग बाकीचे बारा. ओझेला बसूनच होती. तिने फक्त डोळे मिटले आणि मान हलवली, जसे कोणी दारावर हाक मारल्यावर 'आले, आले' म्हणावे.

टार्व्हर वही मिटणार तोच मागून एक म्हातारा उठला. "माझी आजी सॅव्हाना. शेंगदाण्याच्या कारखान्यात टरफलं काढायची. तिचं नाव कोणी कुठे लिहिलंय का?" मग एक बाई, "माझी पणजी लव्ही. सुईण. या बाकांवरच्या निम्म्यांचे आजी-आजोबा तिनंच जगात आणले." मग एकदम तिघी-चौघी. टार्व्हर गोंधळले. कागदाशिवाय त्यांनी आयुष्यात काही लिहिले नव्हते. त्यांनी खिशातून पेन काढले, चर्चच्या सव्वाशे वर्षांच्या कार्यक्रमाची छापील पत्रिका उलटी केली आणि म्हणाले, "एकेकीनं. नाव सांगा. आणि काम काय करायची तेही."

एक पत्रिका भरली. त्यांनी दुसरी घेतली.

मित्रांनो, फलकाला खाली जागा वाढवली आहे. त्या हिवाळ्यात व्हर्लीन आत्या गेल्या. चाक माझ्यावर आदळले ते आणखी सहा महिन्यांनी आदळले असते, तर मी आजही धोंडा असते आणि डायसी आजही 'एक बहीण' असती. म्हणून हात जोडून सांगते, तुमच्या घरात जी सगळ्यात म्हातारी बाई आहे तिच्यापाशी आजच बसा. तिच्या आजीचे नाव विचारा. ती कोणाच्या शेतात राबत होती, कोणाची भांडी घासत होती, काम करताना काय गुणगुणत होती, ते विचारा. घरात जी जुनी, जड, निरुपयोगी वस्तू पडली असेल ती पुसून तिच्या हातात द्या, आणि गप्प राहून ऐका. मग ती सांगेल ते नाव, वहीच्या पहिल्या पानावर, कामासकट लिहा.